गुत्तेदार जोतीराव : महात्मा फुले यांच्या उद्योगातून बीडच्या तरुणांनी काय घ्यावे?

28 नोव्हेंबर हा महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन. आपण त्या दिवशी चौकात, वाचनालयात, विहारात एकत्र येतो, प्रतिमेला हार घालतो, भिडेवाड्याची शाळा आणि सत्यशोधक समाज यांवर भाषणे होतात. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराईकडच्या कितीतरी वस्त्या निम्म्या रिकाम्या असतात. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, अंगावर घेतलेली उचल, ट्रॅक्टरवर बांधलेला संसार आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक.

या टोळ्यांत आपले लोक आहेत. आणि गेल्या काही वर्षांत आपल्यातलेच काही तरुण मजुरीच्या पलीकडे गेले आहेत. कोणी टोळीचा मुकादम झाला, कोणी सेंट्रिंगची कामे घेतो, कोणी ग्रामपंचायतीच्या नाल्यांची आणि रस्त्यांची गुत्तेदारी करतो, कोणाची छोटी वीटभट्टी आहे, कोणाचे गॅरेज आहे. हाताखाली पाच, दहा, वीस माणसे आहेत. ही प्रगतीच आहे, तिचा अभिमान बाळगावा. पण एक प्रश्न त्यासोबत येतो. कालपर्यंत जो खाडा आपल्या आई-वडिलांच्या हिशेबातून कापला गेला, तोच खाडा आता आपण दुसऱ्याच्या हिशेबातून कापणार आहोत का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. जोतीराव स्वतः गुत्तेदार होते.

फुलांच्या धंद्यातून आलेले घर

फुले यांचे मूळ घराणे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. तिथून ते पुरंदरच्या खानवडीला आणि पुढे पुण्यात आले. पेशव्यांकडे फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि फुले हेच आडनाव झाले. जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा. आई चिमणाबाई लवकर गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. वडील गोविंदराव यांची शेती आणि भाजी-फुलांचा व्यवसाय होता. म्हणजे दुकान, गिऱ्हाईक, उधारी, माल नासण्याची भीती, हे सगळे जोतीरावांनी लहानपणीच पाहिले होते.

त्यांचे शिक्षणही एकदा याच दुकानापायी थांबले. शूद्राच्या मुलाने शिकून काय करायचे, असे कान भरले गेले आणि वडिलांनी मुलाला शाळेतून काढून शेतावर घातले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून 1841 मध्ये जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. दोन शेजाऱ्यांनी एका मुलाची बाजू घेतली नसती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

1848 मध्ये ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान आणि त्याच वर्षी पुण्यात सुरू केलेली मुलींची शाळा, हे प्रसंग आपल्याला पाठ आहेत. 1849 मध्ये त्यांना सावित्रीबाईंसह वडिलांचे घर सोडावे लागले. 1852 पर्यंत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाली. 1855 मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी त्यांनी आपल्या घरीच रात्रीची शाळा सुरू केली.

या सगळ्याला पैसा कुठून येत होता, हे मात्र आपल्या भाषणांत फारसे येत नाही.

देणगीवर चालणारे काम आणि स्वतःची कमाई

सुरुवातीच्या शाळा लोकवर्गणी, काही युरोपियन अधिकाऱ्यांच्या देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर चालत. 1857 च्या उठावानंतर युरोपियनांचा हात आखडला. शाळांच्या समित्यांत मतभेदही होते. हळूहळू जोतीराव शाळांच्या कारभारातून बाजूला झाले. मधल्या काळात, 1854 मध्ये, घर चालवण्यासाठी त्यांनी मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिक्षकाची नोकरीही केली होती.

या अनुभवानंतर जोतीराव व्यवसायात उतरलेले दिसतात. 1863 च्या सुमारास त्यांनी धातूचे ओतकाम करणाऱ्यांना लागणारे साहित्य पुरवण्याचा धंदा सुरू केला. पुढे भागीदारीत पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी उभी राहिली. सरकारी बांधकामांना साहित्य आणि मजूर पुरवण्याची कामे त्यांनी घेतली. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते, त्या कामासाठी त्यांनी दगड पुरवला. शिवाय मांजरीला त्यांची जवळपास 60 एकर शेती होती. कालव्याचे पाणी घ्यायला लोक कचरत होते, तेव्हा जोतीरावांनी त्या पाण्यावर शेती करून दाखवली.

1863 हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, असे हे काम. अशा कामाला त्या काळच्या पुण्यात कोण वर्गणी देणार होते? ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, त्याला असे पाऊल उचलता येत नाही. जोतीरावांच्या धंद्याने त्यांना हे स्वातंत्र्य दिले.

1882 मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात स्वतःची ओळख देताना त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य असे सांगितले. समाजसुधारक ही पदवी त्यांनी लावली नाही. शूद्रातिशूद्रांच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या प्राथमिक शाळेला तो मिळाला पाहिजे, ही मागणी एका करदात्या व्यापाऱ्याने आणि शेतकऱ्याने केली होती. म्हणूनच तिला वजन होते.

कामाच्या जागेवरचा माणूस

गुत्तेदारी म्हणजे दोन पाटांमधली जागा. वर खाते, इंजिनिअर, कारकून, बिल काढणारा बाबू. खाली गवंडी, पाथरवट, बिगारी, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. वरून दाब आला की गुत्तेदार तो खाली ढकलतो. टक्केवारी वर द्यायची आणि ती मजुराच्या हजेरीतून वसूल करायची, हा रस्ता तेव्हाही होता, आजही आहे.

जोतीरावांनी हे सगळे आतून पाहिले आणि ते लिहून काढले. 1873 मध्ये आलेल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथात इंजिनिअर खात्यातल्या कामगारांच्या कारस्थानांवर त्यांचा एक पवाडा आहे. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी खात्यांतली लाचखाऊ कारकुनशाही, कालव्याच्या पाण्याचा कारभार, शेतकऱ्याची होणारी नागवण यांचे तपशील येतात. हे तपशील ग्रंथालयात बसून सापडत नाहीत. धरणाच्या कामावर उभ्या असलेल्या आणि मांजरीच्या शेतात पाण्याची वाट पाहणाऱ्या माणसालाच ते माहीत असतात.

इथे एक गोष्ट आजच्या तरुणाने नीट समजून घ्यावी. ज्या खात्याकडून कामे मिळतात, त्याच खात्याच्या भ्रष्टाचारावर जोतीराव जाहीरपणे लिहीत होते. कामे मिळणार नाहीत या भीतीने त्यांनी तोंड बंद ठेवले नाही. आपल्याकडे एखादा कार्यकर्ता गुत्तेदार झाला की वर्षभरात त्याचे बोलणे बदलते. पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो येतो आणि मजुरांच्या मोर्चात तो दिसेनासा होतो. धंद्याने जोतीरावांचा आवाज वाढवला. आपला आवाज धंद्याने कमी होत असेल, तर कुठेतरी हिशेब चुकला आहे.

‘असूड’मध्ये ते नुसते गाऱ्हाणे मांडून थांबत नाहीत. बांध-ताली घालून माती आणि पाणी अडवावे, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना लोहारकी-सुतारकीसारखी हातातली विद्या शिकवावी, शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावे, अशा सूचना ते करतात. समस्या सांगणारे पुष्कळ असतात. काम कसे करायचे हे सांगणारा माणूस माणसांना पुढे नेतो.

पैसा कुठे नाही म्हणायचा

1876 मध्ये जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले आणि जवळपास सहा-सात वर्षे त्या जागेवर राहिले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईची मोठी इमारत बांधण्यालाही त्यांनी विरोध केला होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. 1880 मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्यांनी हरकत घेतली.

स्वतः बांधकामाच्या व्यवसायात असलेला माणूस मोठ्या इमारतीला विरोध करतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या धंद्याचा फायदा आणि लोकांचे हित वेगवेगळ्या दिशेला जातात, तेव्हा माणूस कोणत्या बाजूला हात वर करतो, यावरून त्याचे नेतृत्व कळते.

1876-77 च्या दुष्काळात लोक उपाशी मरू लागले. सत्यशोधक मंडळींनी मदतीचे काम हाती घेतले. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरून काम करत होत्या. पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम उघडला गेला आणि मदतीसाठी जोतीरावांनी जाहीर आवाहन काढले. मित्र, व्यापारी, कंत्राटदार यांचे जाळे अशा वेळी उपयोगी पडले. धंद्यातली ओळख त्यांनी लोकांच्या संकटात वापरली.

एकट्याने नव्हे, मंडळींनी

24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीराव पहिले अध्यक्ष आणि खजिनदार झाले, नारायणराव कडलक कार्यवाह झाले. समाजाने आपल्या कामाचा अहवाल छापून लोकांपुढे ठेवला. दीडशे वर्षांपूर्वीची ही शिस्त आहे. आपल्या किती मंडळांचे जयंतीचे हिशेब छापले जातात?

जोतीरावांभोवती जमलेली माणसे पाहा. डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित डॉक्टर. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये ‘दीनबंधु’ पत्र सुरू केले. मुंबईत रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार यांच्यासारखे तेलुगू भाषक समाजातून आलेले कर्ते लोक चळवळीचे आधार होते आणि त्यांच्यात बांधकामाच्या कामांत पुढे आलेली माणसे होती. या मुंबईकर मित्रांनी समाजाला छापखाना मिळवून दिला. जात, भाषा, गाव वेगळे असूनही ही माणसे एकत्र आली, कारण प्रत्येकाला स्वतःचे काम होते आणि स्वतःचा मान होता. जोतीरावांनी कोणालाही नुसते झेंडे धरायला ठेवले नाही.

नारायण मेघाजी लोखंडे हे यांतले आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे नाव. ते कापडगिरणीत स्टोअरकीपर होते. ‘दीनबंधु’ बंद पडल्यावर 1880 मध्ये त्यांनी ते मुंबईतून चालवायला घेतले. पुढे गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या लढ्यातून 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण आज ज्या रविवारी घरी असतो, तो एका सत्यशोधकाने मिळवून दिला आहे. जोतीराव तेव्हा हयात होते. गुत्तेदार गुरू आणि कामगारांचा नेता शिष्य, हे एकाच घरात नांदू शकते याचा हा पुरावा आहे.

उतारवयातला धडा

11 मे 1888 रोजी मुंबईत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. डॉ. घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्यानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झाला.

शेवटची वर्षे पैशाच्या ओढाताणीची होती. कमावलेले बहुतेक सगळे समाजावर खर्च झाले होते, आजारपणात उत्पन्न थांबले. अखेर मामा परमानंद यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. ज्याने शेकडोंच्या पोटाची चिंता वाहिली, त्याच्या घराची चिंता करायला दुसऱ्याला पत्र लिहावे लागले.

या गोष्टीचे आपण फक्त गुणगान करतो. पण कार्यकर्त्यांनी यातून दुसरेही शिकायला हवे. समाजासाठी जो कमावतो, त्याच्या म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद त्याने स्वतः आणि समाजानेही करायला हवी. तथागतांनी सिगाल या तरुण गृहस्थाला केलेल्या उपदेशात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यासाठी आणि एक भाग अडचणीच्या वेळेसाठी. बीडमध्ये दुष्काळ हा पाहुणा नाही, तो घरचाच आहे. इथल्या छोट्या व्यावसायिकाने तर हा चौथा भाग विसरूच नये.

चळवळ मात्र थांबली नाही. सावित्रीबाई पुढे आल्या आणि 1893 च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. भालेकर, लोखंडे यांचे काम चालू राहिले. जोतीरावांनी माणसे तयार केली होती म्हणून हे झाले. पन्नास-पंचावन्न वर्षांनी, 1946 मध्ये, शूद्र कोण होते या विषयावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांना अर्पण केला. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर त्यांनी जोतीरावांना आपले गुरू मानले.

आपल्या टोळीत, आपल्या साइटवर

आता पुन्हा बीडकडे येऊ. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. यामागे अनेक कारणे आहेत, खासगी दवाखान्यांची लूट आहे, अज्ञान आहे. पण एक कारण खाड्याचे आहे. पाळीच्या दिवसांत, आजारपणात एक दिवस बसले तर पैसे कापले जातात, वर दंड बसतो. उचल फिटत नाही. हा खाडा कारखान्याच्या ऑफिसात बसलेला साहेब लिहीत नाही. तो टोळीबरोबर राहणारा, त्यांच्याच गावचा, बऱ्याचदा त्यांच्याच नात्यातला मुकादम लिहितो.

म्हणून हा प्रश्न आपल्या हातातला आहे. त्याच सिगाल सुत्तात मालकाने कामगारांशी कसे वागावे हेही सांगितले आहे. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा उपदेश आवर्जून घेतला. गिरणीतल्या सुट्टीचा लढा आणि हे सुत्त एकाच जागी येऊन मिळतात.

ज्या तरुणाच्या हाताखाली आज दहा माणसे आहेत, त्याने या हंगामात चार गोष्टी कराव्यात. उचलीचा आणि हजेरीचा हिशेब वहीत लिहावा आणि दर आठवड्याला टोळीसमोर मोठ्याने वाचावा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो कळला पाहिजे. आजारपणाचा आणि बायकांच्या अडचणीच्या दिवसांचा खाडा लावू नये. त्याचा भार आधीच दरात धरावा आणि कारखान्याशी किंवा मालकाशी दर ठरवतानाच भांडून घ्यावा. सोबत आलेल्या मुलांची शाळा कुठे होणार, याची चौकशी कोप्या पडतात त्याच दिवशी करावी. आणि टोळीतल्या एखाद्या हुशार पोराला, पोरीला हिशेब शिकवावा, उद्या ती आपल्या जागेवर बसेल या तयारीने.

यात नफा थोडा कमी होईल, हे खरे आहे. पण ज्याचा हिशेब चोख आणि ज्याच्याकडे माणूस आजारी पडला तरी उघड्यावर पडत नाही, त्याच्याकडची माणसे पुढच्या वर्षी उचल घेऊन दुसरीकडे पळत नाहीत. कोणत्याही मुकादमाला विचारा, उचल बुडणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा तोटा आहे. विश्वास हेच इथले भांडवल आहे आणि बँक ते कर्जाने देत नाही.

जोतीराव खडकवासल्याला दगड पुरवत होते आणि त्याच हाताने ‘गुलामगिरी’ लिहीत होते. आपल्यातल्या प्रत्येक नव्या गुत्तेदाराने, मुकादमाने, दुकानदाराने या 28 नोव्हेंबरला प्रतिमेला हार घालण्याआधी आपली हजेरीची वही एकदा उघडून पाहावी. तिच्यात कोणाकोणाचा खाडा लिहिला आहे आणि तो का लिहिला आहे, ते तपासावे.

महात्मा जोतीराव फुले यांना विनम्र अभिवादन.

जय जोती, जय भीम, नमो बुद्धाय!